अजीज मिस्त्रीच्या रंध्यातला पत्रा

पाटोद्याच्या बाजारात अजीज मिस्त्रीचं दुकान विचारलं तर लोक नुसतं पुढं बोट करतात. सर्रर, सर्रर आवाज आला की समजायचं, आलं दुकान. बाकी सगळ्या सुतारांकडे आता मशीनची घरघर.

अजीज माझा लिंबागणेशच्या शाळेतला सोबती. चौथीपर्यंत एका पोत्यावर बसलो आम्ही. एकदा गुरुजींना फळ्यावर रेघ मारायची होती आणि रूळ सापडेना. अजीज उठला, खडू घेतला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. मग रूळ सापडला. गुरुजींनी तो रेघेला लावून पाहिला तर रूळच वाकडा निघाला. हसू नका, मी तिथं होतो.

चौथीनंतर मी गुरांमागं गेलो आणि अजीज पाटोद्याला फिरोजमामूच्या हाताखाली. फिरोजमामू म्हणजे त्याच्या आईचा सख्खा भाऊ, तालुक्यातला नावाजलेला मिस्त्री. त्याच घरात अजीज वाढला, त्याचाच पुढं जावई झाला. मामूची रुकसाना त्याच्यासाठी ठरलेलीच होती.

दहा वर्षं काम शिकून झाल्यावर हैदराबादचा एक ठेकेदार बाजारात आला. अजीजची चौकट पाहून म्हणाला, "ह्या पोराला माझ्याकडं द्या. पण आधी त्याला गलता करून दाखवू द्या." गलता म्हणजे चौकटीच्या कडेनं जी गोलाईची नक्षी जाते ती. ती काढायचा रंधा वेगळाच असतो. पातं त्या नक्षीच्या आकाराचं, बूडही त्याच आकाराचं. बुडाच्या एका अंगाला लाकडी पट्टी असते. ती चौकटीच्या कडेला टेकवून रंधा ढकलला की रेघ सरळ जाते.

मामूनं आठ दिवस खपून शिसवाचा गलत्याचा रंधा स्वतःच्या हातानं घडवला आणि अजीजला दिला. काय रंधा होता म्हणून सांगू, मला गुरं सोडून सुतार व्हावंसं वाटलं.

ठेकेदारासमोर अजीजनं रंधा चालवला. अर्ध्यापर्यंत सरळ गेला, मग आत घुसायला लागला. नक्षी एकीकडं खोल, एकीकडं उथळ. दुसरं लाकूड घेतलं, तेच. ठेकेदार चहा पिऊन निघून गेला. अजीजनं मामूकडं पाहिलं. मामू म्हणाला, "रंध्यात खोट न्हाई बेटा. हातात हाय. जाईल हळूहळू."

आता तुम्ही म्हणाल, रंधा तपासून का नाही पाहिला? अहो, उस्तादानं दिलेल्या रंध्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं माप, लावायचा नसतो. तो लावणं म्हणजे उस्तादाचा हात मापणं. अजीजनं रंध्याऐवजी स्वतःचा हात बदलला. रंधा आत ओढतो ना, मग डाव्या मनगटानं त्याला बाहेर खेचून धरायचं. दोन वर्षांत जमलं. बरा गलता यायचा, पण मामूसारखा नाही. बाजारात म्हणायचे, "अजीज माणूस सोन्याचा, गलत्यात मात्र हात कच्चा." अजीज स्वतःही तेच म्हणायचा, आणि हसून म्हणायचा.

त्या रंध्याला मात्र त्यानं चाळीस वर्षं जपलं. संध्याकाळी पाचर सैल करून पातं काढायचा. बारीक काठीला पॉलिश पेपर गुंडाळून पात्याच्या गोलाईतून फिरवायचा. बुडाला अळशीचं तेल लावायचा. रंधा कधी बुडावर ठेवायचा नाही, आडवाच निजवायचा. मी विचारायचो, "बुडावर ठेवला तर रडतो का बे?"

"तुझ्या म्हशीपेक्षा कमी रडतो," तो म्हणायचा.

या उन्हाळ्यात मी घराला नवी चौकट करायला टाकली. नुसता बसून राहायला मला दुकान आवडतं, त्यामुळं मी तिथंच होतो. रंध्याची ती टेकायची पट्टी झिजून तिला खाच पडली होती. अजीज म्हणाला, "बंकट, चाळीस वर्षं झाली, आता पट्टी बदलावी लागल." पटाशीनं त्यानं लाखेचा सांधा हळूच उकलला. पट्टी सुटली आणि पुढच्या टोकाला तिच्या मागून काहीतरी टणकन खाली पडलं.

पत्र्याचा तुकडा. नखाएवढा. एका बाजूला हिरवा रंग, तेलाच्या डब्याचा असतो तसा. चारी बाजूंनी नीट कापलेला, वरून लाख लावून दडवलेला. तेवढ्यानं पट्टी केसभर तिरकी बसायची आणि रंधा आत ओढायचा.

अजीजनं तो उचलला, पट्टीखाली धरून पाहिला, काढून पाहिला. मग उठून भिंतीवरचा गुण्या घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या रंध्याला लावला. बराच वेळ लावून बसला.

दुकानामागंच घर. मामू आता चौऱ्याऐंशीचा, ओसरीत बाजेवर असतो. घरात ते दख्खनीत बोलतात, मी आपल्या भाषेत सांगतो. अजीजनं पत्रा मामूच्या तळहातावर ठेवला. मामूला डोळ्यांनी कमी दिसतं. त्यानं अंगठ्यानं चाचपला आणि लगेच ओळखला.

"निघाला का," मामू म्हणाला.

"काहून मामू?"

"तू गेला असता."

"मग? जायचंच होतं."

"तू गेला असता, रुकसाना गेली असती. मी इथं कोणाला बघत बसलो असतो? तुला उपाशी तर न्हाई ठेवलं."

"चाळीस वर्षं मला म्हणत आलात, हात कच्चा हाय."

मामूनं पत्रा बाजेवर ठेवला. "तुझ्यासारखा हात मी दुसरा पाह्यला न्हाई," तो म्हणाला. "म्हणून तर घातला."

तेवढ्यात रुकसानाभाभी पाणी घेऊन आली. आम्ही तिला काहीच सांगितलं नव्हतं. तिची नजर बाजेवर गेली आणि ती बोलून गेली, "अजून हाय हे?"

अजीजनं वर पाहिलं. मीही पाहिलं. भाभीनं तांब्या खाली ठेवला.

"अब्बांनी मागितला, मी कातरीनं कापून दिला," ती म्हणाली. "कशाला ते मला माहीत होतं. मला न्हाई जायचं होतं हैदराबादला."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुमी थांबला असता?"

"एवढ्या वर्षांत एकदा तरी सांगायचं होतं, रुकसाना. रोज माझ्यासमोर बसून जेवलीस."

अजीज पाणी न पिता दुकानात परतला.

त्यानं नवी पट्टी बसवली, पत्र्याशिवाय. गुण्या लावून सरळ बसवली. माझ्या चौकटीचं लाकूड बांधलं आणि रंधा चालवला. मला वाटलं, आता बघा म्हणावं बाजाराला. रंधा हातभर सरळ गेला आणि मग कड सोडून बाहेर पळाला. त्यानं पुन्हा चालवला, पुन्हा बाहेर. रंधा सरळ होता. त्याचं मनगटच त्याला बाहेर खेचत होतं.

ओसरीतून मामूचा आवाज आला. कान त्याचे अजून तिखट आहेत. "अजीज, पत्रा परत घाल बेटा. हात आता तसाच झालाय."

मी म्हणालो, "घाल बे. माझी काही तक्रार न्हाई." माझी तक्रार खरंच नव्हती, चौकट अडली होती.

"तू पन त्यांच्यातलाच का?" अजीज म्हणाला. माझी चौकट शेवटी मशीनवाल्याकडून करून घ्यावी लागली. गुळगुळीत आहे, दाराला शोभते, आणि मला ती बघवत नाही.

याला तीन महिने झाले. अजीज सकाळी दुकान उघडतो आणि गिऱ्हाइकाच्या कामाआधी टाकाऊ तुकड्यांवर गलता चालवतो. डावा हात कमरेच्या पट्ट्यात खोचून ठेवतो आणि एका उजव्या हातानं रंधा ढकलतो. दहा-बारा तुकडे झाले की डावा हात हळूच रंध्यावर आणून बघतो. मामूच्या बाजेकडं तो जात नाही. जेवण डब्यात येतं.

परवा मी गेलो तेव्हा भाभी चहा घेऊन आली. कप फळीवर ठेवला आणि मला म्हणाली, "बंकटभाऊ, त्यांना सांगा, चहा निवतोय."

तो चार हातांवर उभा होता. तरी मी सांगितलं, "अजीज, चहा निवतोय बे."

त्यानं रंधा टोकापर्यंत नेला. वाकून, एक डोळा मिटून रेघ पाहिली आणि तो तुकडा कोपऱ्यातल्या ढिगावर टाकला.

"हात अजून वढतोय," तो म्हणाला.

भाभी दारात उभीच होती. कप मी उचलून दिला तेव्हा त्यानं घेतला.