दारावरचा पिवळा ओरखडा

नाशिक रोडला माझ्या बसथांब्यासमोर एका मेकॅनिकचं गॅरेज होतं. मी सायखेड्याचा, घरातला पहिला पदवीधर. नोकरीला जाताना रोज त्याला पाहायचो. देशपातळीवरच्या कार शर्यतींत तो स्वतः बांधलेली जुनी लाल गाडी पळवायचा. सकाळी ती पुसताना डाव्या दारापाशी त्याचं फडकं थांबायचं. तिथे शर्यतीत घासलेल्या दुसऱ्या गाडीचा पिवळा ओरखडा होता.

हंगामातल्या शेवटच्या शर्यतीआधी एक टायरवाला आला.

"भाऊ, दार रंगव, त्यावर माझ्या दुकानाचं नाव टाक. चारही टायर नवे देतो. या जुन्यांवर शेवटून पहिला येशील!"

"नाव बॉनेटवर टाका. दार रंगवायचं नाय."

"भंगार दिसतंय ते!"

"मोठ्या टीमच्या गाडीचा रंग हाय तो, शेठ. मी मागं असतो, तर माझ्या दाराला लागला असता का?"

टायरवाला निघून गेला. हा जुन्याच टायरांवर शर्यतीला गेला.

त्या दिवसांत ऑफिसात कुणी माझ्या गावाकडच्या बोलण्याला हसलं, की मला ते दार आठवायचं आणि मी तसाच बोलत राहायचो.

पंधरवड्याने तो परतला. कितवा आला, हे मी विचारलं नाही. पिवळ्याशेजारी आता एक निळा ओरखडा होता, आणि त्याचं फडकं दोन्ही ओरखडे सोडून फिरत होतं.