वंशातली खोट

मला बघायला पाहुणे यायचे असले की दादाला स्वयंपाकघरात बसवलं जाई. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, जन्मापासून ठार बहिरा. अंधेरीच्या एमआयडीसीत लेथवर काम करायचा आणि त्याच्याइतका साफ हात त्या कारखान्यात दुसऱ्या कुणाचा नव्हता. पण जोगेश्वरीच्या आमच्या दोन खोल्यांत स्थळ आलं की तो नसल्यासारखाच. पत्रिकेसोबत जी माहिती जायची तिच्यात मी 'एकुलती एक' होते. त्या शब्दांची मला शिसारी यायची, तरी दोनदा मी गप्प बसले. त्याची लाज आजही वाटते.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मी प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. तेव्हा आम्हाला उत्परिवर्तनं शिकवत होते, म्हणजे पुढच्या पिढीत उतरताना जनुकांच्या नकलेत होणाऱ्या चुका. प्रत्येक बाळ अशा काही नव्या चुका घेऊनच जन्माला येतं. बऱ्याचशा कुणाच्या अध्यातमध्यात नसतात, थोड्या नडतात. मग त्या साठत गेल्या तर माणसाचं पुढे काय? सर म्हणाले, यावर शास्त्रज्ञांचंही एकमत नाही. मी तासभर दादाचाच विचार करत बसले.

तिसऱ्या स्थळाबरोबर मुलाचे काका आले. चार पुस्तकं वाचलेले आणि ती भेटेल त्याला ऐकवणारे. माझा विषय कळल्यावर ते खुललेच.

"मग तुला वेगळं सांगायला नको. हल्ली औषधांमुळे दुबळेही जगतात. चुका साठतात, वंश खालावतो. म्हणून आम्ही घराणं पारखून घेतो." मग वडिलांकडे वळून म्हणाले, "तुमच्याकडे पिढीजात काही नाही ना?"

"छे छे, काही नाही," वडील म्हणाले.

माझं डोकं सणकलं. आमच्या जुन्या इमारतीची जमीन लाकडी फळ्यांची होती आणि दादाला बोलवायची घरात एकच रीत होती, पाय आपटायचा. त्याच्या तळव्यांना बरोबर कळायचं. मी साडी सावरली आणि दोनदा जोरात पाय आपटला.

कपबशा खडखडल्या. दार उघडून दादा बनियनवरच बाहेर आला आणि एवढी माणसं बघून गोंधळला.

"हा माझा सख्खा भाऊ," मी म्हणाले. "जन्मतः बहिरा. आईबाबांना स्वच्छ ऐकू येतं. काका, चुकांनी वंश बुडायचा असता तर कधीच बुडाला असता. जीव आहेत तेव्हापासून चुका आहेत. सगळ्या नकला बिनचूक झाल्या असत्या तर आपण इथे चहा पीत बसलो नसतो, अजून चिखलातच वळवळत असतो. तुमच्या पुतण्याच्या अंगातही असणारच. मोजल्यात?"

"फार शिकवलंत मुलीला," असं म्हणून काका उठले. पोहे तसेच राहिले.

"वाट लावलीस गं स्वतःची!" आई रडायला लागली. मला पश्चात्ताप काडीचाही नव्हता.

चिडला तो दादा. ओठांवरून त्याला बरंचसं कळलं होतं. तो हातवारे करून मला सांगू लागला, की त्याला कुणी कोंडत नाही, तो आपणहून आत बसतो, माझं लग्न जमावं म्हणून. पुढच्या वेळी तो आतून कडी लावून घेणार होता. मी कितीही पाय आपटले तरी बाहेर येणार नव्हता.

काकांचं मला काही लागलं नव्हतं. हे लागलं. खोट आपल्यातच आहे, हे त्यानंही कधीचंच मान्य करून टाकलं होतं.

मी ताडकन उठले, त्याच्याच हत्यारांच्या पेटीतला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि स्वयंपाकघराच्या कडीला भिडले. स्क्रू गंजलेले. स्क्रूड्रायव्हर सारखा निसटत होता, बोट सोललं. दादा हाताची घडी घालून बराच वेळ नुसता बघत होता. मग त्यानं मला बाजूला ढकललं, स्क्रूड्रायव्हर काढून घेतला, चारी स्क्रू सोडवले आणि कडी माझ्या हातात दिली.