धुळवडीच्या दुसऱ्या दिवसाची तारीख

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला कळत नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून सहीशिवाय फारसं काही लिहिलेलं नाही. माफी कोणाची मागते तेही ठाऊक नाही, कारण हे कोणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. तोंडाने सांगायला जमत नाही आणि पोटात ठेवलं तर झोप लागत नाही.

माझी मुलगी हिंगोलीला नर्सिंग शिकते. पहिल्या वर्षी एका संस्थेने तिला मदत दिली, त्यातच फी आणि वसतिगृह भागलं. तो फॉर्म आम्ही सेनगावच्या एका ऑनलाइन सेंटरवर भरला होता. सेंटरवाला खटाखट बटणं दाबत होता आणि मी दारातल्या बाकावर पदर सावरून बसले होते. परका माणूस समोर असला की माझा शब्द फुटत नाही. त्याने काय भरलं ते आम्ही विचारलं नाही. पैसे खात्यावर आले तेव्हा मी नारळ फोडला.

दुसऱ्या वर्षी तीच माहिती नव्याने भरायची होती, म्हणून परत तिथेच गेलो. माघ सरत आला होता. आमचे मालक, म्हणजे मुलीचे वडील, हळद शिजवणाऱ्या टोळीबरोबर कुरुंद्याकडे गेले होते. ही माणसं ट्रॅक्टरमागे मोठा कुकर ओढत शेतोशेती फिरतात, वाफेवर हळद शिजवतात आणि हंगाम संपेपर्यंत घराकडे क्वचितच येतात. मालकांचा फोन बहुतेक बंदच असतो.

सेंटरवाला स्क्रीनकडे बघत म्हणाला, "मावशी, औंदा मृत्यूचा दाखला मागून राहिलेत."

"कोणाचा?" मुलीने विचारलं.

"तुझ्या वडलाचा. ही मदत बापाचं छत्र हरपलेल्या पोरींसाठी हाय. मागच्या साली नुसतं लिहून भागलं."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी पहिल्यांदा उठून स्क्रीनजवळ गेले. 'वडील हयात आहेत का' असा प्रश्न होता आणि त्याच्यापुढे 'नाही'. तेवढं मला वाचता आलं.

"बाबा चांगले हायेत की," मुलगी म्हणाली. "तुमी असं काहून टाकलं?"

"दुसरीकडं तुझा नंबर लागत नव्हता म्हणून. पैशे खाताना गोड लागले ना? दाखल्याचं मी बघतो, वळख हाय माझी. मावशी, तुमी फक्त तारीख सांगा."

मी त्या 'नाही'कडेच बघत राहिले. त्याला वाटलं मी विचार करते आहे.

"धुळवडीचा दुसरा दिवस टाकतो, दोन सालामागचा. तुमच्या बी ध्यानात राहील." त्याने टाकलीसुद्धा. चौकोनात आकडे जाऊन बसले.

"पुसा ते," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

त्याने पुसलं. "पुसायला काय लागतंय? पण दुरुस्ती केली की मागचे पैशे वापस मागतील. पोरगी घरी बसंल. बघा बापा."

परतताना जीपमध्ये मुलगी हळूच म्हणाली, "माय, कागदावरच हाय ना. त्यानं बाबाला काय होतंय?" तिचं कॉलेज सुटलं तर तिला कोणत्या घरी द्यायचं याची बोलणी लगेच सुरू होणार, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

पण त्या दिवसापासून सकाळी कुंकू लावताना माझं बोट कपाळाजवळ अडायला लागलं. मी फोन लावायची, तो बंद. त्याच आठवड्यात पाणी भरताना बाया बोलत होत्या, कुरुंद्याजवळ, शिरड शहापूरकडे कुणाच्या शेतात कुकरचा पाइप फुटला, एक माणूस भाजला. कोण, ते कोणाला ठाऊक नव्हतं. माझी घागर भरून वाहत राहिली. दुसऱ्या दिवशी कळलं, तो माणूस दुसऱ्या टोळीतला. मग मी मुलीला न विचारता हिंगोलीची गाडी धरली.

कॉलेजच्या ऑफिसात एक बाई बसतात. मी टेबलाजवळ नुसती उभी राहिले. त्यांनी दोनदा विचारलं, तेव्हा तोंडातून निघालं, "फॉर्मात चूक झाली. आमचे मालक जिते हायेत."

शेजारच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली.

"आता आठवलं व्हय?" बाई म्हणाल्या. "वर्षभर पैसे घेतले तेव्हा ते कुठं होते?"

"हळदीवर होते," मी म्हणाले. कोणीतरी हसलं.

बाईंनी मुलीला वर्गातून बोलावलं आणि मागच्या सालचा अर्ज दुरुस्तीसाठी परत खोलला. मुलीने खाली मान घालून 'नाही'चं 'होय' केलं. बाईंनी सांगितलं, मिळालेली रक्कम सगळी परत भरावी लागेल, हप्त्याने चालेल, पण पूर्ण भरल्याशिवाय शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसता येणार नाही. संस्था तक्रार करेल की नाही, ते त्या सांगू शकत नव्हत्या. मुलगी माझ्याशी न बोलता वर्गात गेली.

मी लोकांच्या शेतात हळद वेचायला जायला लागले. अर्ज तपासणीतच होता. होळी झाली, धुळवड झाली, तरी तपासणीतच. म्हणजे कुठेतरी मालक अजून मेलेलेच होते, असं मला वाटायचं.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मी कामाला गेले नाही. सकाळपासून फोन बंद. चूल पेटवली नाही. दारात कोणाची सावली पडली की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघायची. ऊन कलल्यावर एक मोटारसायकल येऊन थांबली. मागे मालक बसलेले, कपडे हळदीने पिवळे, उजवा हात कोपरापर्यंत फडक्यात गुंडाळलेला.

"कुकरचा वॉल सुटला," ते पाणी पिता पिता म्हणाले. "तोंडावरच यायचं. कुणीतरी हाक मारली म्हणून मान वळवली."

कोणी हाक मारली ते त्यांना आठवत नव्हतं. मी खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं, तारखेसकट.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे मेलेला माणूस मजुरी आणून राहिला म्हण की." आणि हसले. मला हसू आलं नाही.

हंगामाची सगळी मजुरी त्यांनी माझ्या हातात दिली. ती पुरली नाही. हात बरा होईपर्यंत ते घरीच होते, मी एकटीच कामाला जायची. मुलगी सुट्टीत आली ती माझ्याबरोबर शेतात उतरली. वेचता वेचता एकदा म्हणाली, "माय, मी बी त्या दिवशी दिवसभर फोन लावत होते." तेवढंच.

तक्रार झाली नाही, निदान अजून तरी. सेंटरवाल्याच्या कंप्युटरमधून ती तारीख खरंच पुसली गेली का, ते मला कळायला मार्ग नाही. यंदा तो दिवस आला तेव्हा मी मालकांना घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. त्यांनीही कारण विचारलं नाही.

शेवटचा हप्ता भरायला ते स्वतः माझ्याबरोबर आले. ऑफिसातल्या बाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि कागद पुढे सरकवला. वडिलांच्या सहीच्या जागी त्यांनी भाजलेल्या हाताने सावकाश सही केली. मग बाईंनी पैसे घेतले, पावती फाडली आणि मुलीने ती मला वाचून दाखवली. संपूर्ण रक्कम परत जमा.