चौथा भिडू

बोटीचे प्रवासी आले की ओटिली त्यांना कॅथेड्रल, दगडी पूल असं सगळं रेगेन्सबुर्ग पायी दाखवायची आणि शेवटी नदीकाठच्या रेझीच्या खानावळीत आणून बसवायची. आज रेझीनं तिला दारातच गाठलं. शेगडीजवळचं पत्त्यांचं टेबल ती उद्यापासून प्रवाशांना देणार होती. अलोइस गेल्यापासून तिथं तिघंच उरले होते, आणि त्यांच्या खेळाला चार भिडू लागतात. तिघं म्हातारे नुसतेच बिअर पुढ्यात घेऊन बसून राहत.

अलोइस ओटिलीचा नवरा. मालवाहू बोटीचं सुकाणू धरायचा. तेव्हा धक्क्याला धान्याच्या, कोळशाच्या बोटी लागायच्या, आणि उतरला की तो घराआधी या टेबलाशी यायचा. लाकडावर बोटांच्या पेरांनी दोनदा ठकठक. या टेबलाचा नमस्कारच तो. मग रात्री जेवताना हरलेला डाव पानापानानं सांगायचा. ओटिली वैतागायची. आता त्या बडबडीवाचून घास उतरत नव्हता.

ती आत गेली, तर पाय दुखणारा एक प्रवासी नेमका अलोइसच्या खुर्चीत जाऊन बसलेला. ठकठक नाही, काही नाही. तिघांनी आपापले पेले जवळ ओढले.

"ओटिली," तिघांतला जुना नावाडी कोर्बिनियान म्हणाला, "तुझा पाहुणा भाडं भरल्यासारखा बसलाय. उद्यापासून टेबल प्रवाशांचंच आहे म्हणा."

तिनं त्या गृहस्थाला गोडीगुलाबीनं खिडकीशी नेलं, पायाखाली स्टूल सरकवलं. परतली ती टेबलापाशी थबकली. अलोइस गेल्यापासून त्या खुर्चीला तिनं हात लावला नव्हता. मग टेबलावर दोनदा वाजवलं आणि बसली.

"पत्ते वाट," ती कोर्बिनियानला म्हणाली.

"तुला येतं?"

"तुमच्या सगळ्या लबाड्या रोज जेवणाबरोबर गिळल्यात मी."

कोर्बिनियाननं पत्ते पिसले. मोठे हुकूम सुरुवातीलाच उधळून ती पहिलाच डाव हरली.

"अगदी अलोइस," तो पुटपुटला. "त्यालाही हुकूम हातात ठेववायचा नाही."

ओटिलीला हसू आलं, आणि पाठोपाठ डोळे पुसावे लागले.

"उद्या प्रवाशांना बोटीवर सोडते आणि येते," ती म्हणाली. "माझी पानं वाटून ठेवा."

रेझी उद्याच्या प्रवाशांसाठी नवं टेबलक्लॉथ घेऊन आली होती. तिनं ते काखेत मारलं आणि चौथा पेला भरायला गेली.