पाणी बांधावर पोचल्यापासून

धुळाचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. खांद्यावर फावडं टाकून तो पाटाच्या कडेनं निघायचा. औंधच्या दक्षिणेला, सातारा संपून सांगली लागते तिथं आमचं गाव. उपसा योजनेचं पाणी ज्याच्या त्याच्या शेतात पाळीनं सोडायचं, हे त्याचं काम. पाट दोन किलोमीटरचा, मातीचा. तो खोदणाऱ्यांत मी होतो. कुठं किती पाणी मुरतं हे मला ठाऊक आहे.

नियम एकच: वरचं दार उघडल्यापासून एकराला दोन तास. शेवटचं एकरभर शेत रंगूबाईचं. तिचं आल्याचं पीक दर वर्षी अर्धं वाळायचं. त्या वर्षी तर सगळंच जायच्या बेतात होतं. धुळा पाणीसंस्थेचे अध्यक्ष सयाजीआबांकडे गेला. म्हणाला, तिला जास्त वेळ द्यायला पाहिजे.

"सगळ्यांस्नी सारखं," आबा म्हणाले. "कवापासनं आसंच चालत आलंय."

"चालत आलंय ते खरं. पर बरोबर हाय का?"

"लय शाना झालास रं धुळ्या. पाटकरी दुसरा बी मिळंल."

"बदला की. पर आदी एक पाळी तिच्या बांधावर बसून बगा."

आबा संस्थेतल्या दोघांना घेऊन हसत तिच्या बांधावर आले. मीही गेलो. धुळानं वर पाटाचं दार उघडलं आणि फोन केला, "सोडलं बगा." पंधरा मिनिटं गेली, पंचवीस गेली. पाट कोरडाच.

"पाणी वाटंत च्या प्यायला थांबलं काय?" आबा म्हणाले.

"बसा की आवं," रंगूबाई म्हणाली. "मी धा वर्सं बसलीया."

पाणी चाळिसाव्या मिनिटाला आलं. आबा मूळचे शेतकरी. चपला काढून त्यांनीच एकेक सरी पाजायला घेतली. तिसांतल्या अठरा सऱ्या भिजल्या आणि धार बारीक झाली. आबांनी फोन काढला.

"धुळ्या! बारा सऱ्या कोरड्या हायत. दार बंद का केलंस?"

"दोन तास झालं, आबा. सगळ्यांस्नी सारखं."

रंगूबाईनं तोंडाला पदर लावला. आबा कोरड्या सरीत चिखलाच्या पायांनी उभे.

"उघड," ते शेवटी म्हणाले. "आन् हितनं म्होरं वेळ धरायची ती पाणी बांधावर पोचल्यापासनं."

नियम दोन तासांचाच राहिला. कुठून मोजायचं एवढंच बदललं. सारखं आणि बरोबर यांतला फरक आबांना बोलून कळला नव्हता, पायाला कोरडी माती लागल्यावर कळला.

त्या वर्षी रंगूबाईचं आलं पहिल्यांदा पूर्ण निघालं. धुळानं पुढं नऊ वर्षं पाट सांभाळला, एक पाळी चुकवली नाही. गेल्या वर्षी तो कामातून सुटला. साठवलेल्या पगारातून त्यानं वीस गुंठे रान घेतलं: रंगूबाईच्याही पलीकडचं, पाटाच्या अगदी टोकाचं, पूर्वी कुणी फुकट घेतलं नसतं असं. तिथं आता त्याची हळद कमरेला लागते.