किती गोड बोलते

पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावी शिकत असताना माझी रूममेट चिनी होती, म्हणजे चेहऱ्याने. जन्म अमेरिकेतला, आईवडील चीनहून आलेले आणि चिनी भाषा जेवणापुरती. २००५ च्या उन्हाळ्यात ती भाषा शिकायला बीजिंगला गेली. तिथे तरी आपल्याला कुणी आपली म्हणेल, एवढीच तिची आशा होती.

आली ती तोंड पाडून. वर्गातल्या सोनेरी केसांच्या मुलाने नुसतं 'कसे आहात' विचारलं तरी दुकानदार हरखून जायचे. ही चार वाक्यं धड बोलली की, 'चिनी असून असं बोलतेस? घरी काही शिकवलं नाही?'

मला भयंकर राग आला. पुण्याची असल्याने दुसऱ्यांचं कुठे चुकतं ते मला लगेच कळतं. "आमच्यात असं नसतं," मी ठणकावून सांगितलं आणि पुराव्यादाखल गणपतीत तिला न्यू जर्सीत एडिसनला ओळखीच्या काकूंकडे जेवायला नेलं. गाडीत तिच्याकडून एक वाक्य घोटून घेतलं.

दारातच हात जोडून ती म्हणाली, "नमस्कार काकू, मला मोदक फार आवडतात." घरभर आनंदीआनंद. "अगं बाई, किती गोड बोलते," काकू म्हणाल्या. काकांनी ते वाक्य तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. मोदक तिने जन्मात पाहिला नव्हता, पण ते कुणी विचारलं नाही.

मग काकूंची चौदा वर्षांची मुलगी वाढायला आली. एरवी ती इंग्रजीतच उत्तरं द्यायची. पाहुणीचं कौतुक ऐकून तिला धीर आला असावा. "ताई, अजून वरण वाढू का? मी केलंय," ती मला म्हणाली. वाक्य बिनचूक होतं, उच्चार तेवढे न्यू जर्सीचे. सगळे हसले. सगळ्यात आधी मी.

"इतकी वर्षं दर रविवारी मराठी शाळेत जातेस आणि अजून मडमेसारखीच बोलतेस?" मी म्हणाले.

मुलगी लालेलाल झाली. "डू यू वॉन्ट मोअर ऑर नॉट?"

रूममेटला मराठीतलं अक्षर कळत नव्हतं. तिने हातातला मोदक खाली ठेवला आणि आधी त्या मुलीकडे, मग माझ्याकडे पाहिलं. परतताना पेनसिल्व्हेनिया लागलं. तेव्हा ती म्हणाली, "बीजिंगला दुकानातली बाई अशीच हसली होती. त्यानंतर मी बोट दाखवूनच सामान घ्यायचे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मात्र मी त्या मुलीची मागितली नाही, फोन करते करते म्हणत राहिले.

पुढच्या गणपतीला त्या मुलीने माझ्या पानात वरण वाढलं. न विचारता.