आठ वाजताचं पाणी

९ डिसेंबर १९९३, गुरुवार. आकाश निरभ्र. वारा उत्तरेचा, मंद. पहाटे कान झाकावे लागले. पाऊस निरंक. धरणाची पातळी सकाळी आठ वाजता २३१.४५ मीटर.

माझ्या वहीत रोजची नोंद एवढीच असते. त्या दिवशी मात्र खाली एक ओळ जास्त आहे : 'उद्या सुमनला घेऊन उदयपूरला. शनिवार-रविवार.'

सुमन म्हणजे माझी बायको. ती एक ओळ लिहायला मला एकोणीस वर्षं लागली. मधल्या काळात जे घडलं त्याचे किस्से झाले. किस्से साचतात ते गाळासारखे. धरणात गाळ कुणी आणून टाकत नाही, येताना तो कुणाला दिसतही नाही. मग एखाद्या मे महिन्यात पाणी खाली जातं आणि आपण म्हणतो, "अरे, हा एवढा कधी साचला?"

आमचं धरण शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. त्यावर आम्ही चौघं. दारं उघडणारे-मिटणारे रामदास नाना, कालव्यावर फिरणारे आनंदा आप्पा, शाखा अभियंता म्हणजे आमचे साहेब, आणि पातळी घेणारा मी. मला सगळे 'भाऊ' म्हणतात. शिक्षण सातवी. बाकीचं पट्टीनंच शिकवलं. पट्टी म्हणजे भिंतीला ठोकलेली आकड्यांची पट्टी. सकाळी आठला ती वाचायची, ऑफिसच्या रजिस्टरात आणि माझ्या वहीत लिहायची आणि साडेआठला फोनवरून धुळ्याच्या ऑफिसला सांगायची. पोळा असो, घरात आजारपण असो, आठ म्हणजे आठ. दुसऱ्या शनिवारी ऑफिसला सुट्टी असते, पाण्याला नसते!

एकोणीस वर्षांत माझ्या हातून एकही आकडा चुकला नाही, याचा मला अभिमान होता. सुमनला त्याचं काय वाटतं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

*

या आठच्या आकड्यानं आम्हा सगळ्यांचंच डोकं फिरवलं होतं.

एकदा आनंदा आप्पांचे सासरे एरंडोलला तापानं फणफणले. आप्पा रात्रीच्या गाडीनं गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बरोब्बर साडेआठला ऑफिसचा फोन वाजला. साहेबांनी उचलला.

"साहेब, आनंदा बोलतोय. सकाळी आठ वाजता एकशे दोन पॉइंट चार. कल वाढता आहे."

साहेबांनी सवयीनं पेन्सिल उचलली आणि विचारलं, "सांडव्यापासून किती खाली?"

पलीकडून आप्पांचा आवाज आला, "साहेब, सासरे आहेत ते."

म्हातारा वाचला. तिसऱ्या दिवशी आप्पांचा निरोप आला, "पातळी पूर्ववत." आम्हा चौघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. हसली ती एकटी सुमन. तिनं चहाचे कप उचलले आणि म्हणाली, "मी आजारी पडले तर निदान सांडवा तरी विचारू नका."

*

आमच्या स्वयंपाकघरात खताच्या दुकानाचं एक कॅलेंडर होतं. वर्ष उलटून गेलं, मग आणखी पाच उलटली, पण सुमननं ते उतरवलं नाही. तारखांचा भाग तिनं कात्रीनं कापून टाकला आणि चित्र तेवढं ठेवलं. मागे डोंगर, पुढे मोठा तलाव, पाण्याच्या मध्यात पांढरा महाल आणि एक नाव. नावेत एक जोडपं पाठमोरं बसलेलं. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं : उदयपूर.

सुमनला त्या नावेत बसायचं होतं. बस्स, एवढंच. महाल नको, बाजार नको. धरणाच्या काठावर तिचा सगळा संसार गेला, पण पाण्यावर ती एकदाही गेली नव्हती. आमच्याकडे नाव आहे, पण ती सरकारी, तपासणीची. घरच्या माणसांना तीत बसायची परवानगी नाही. आणि नियम मोडायचा माझा स्वभाव नाही.

एकदा चहाला बसल्यावर आप्पांनी ते चित्र पाहिलं आणि त्यांना चेव आला. "काय हो वहिनी! पुढ्यात एवढं पाणी, मागे सातपुडा. तळं पाहायला तळ्यावरून उठून जायचं म्हणता?"

सुमन भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "आप्पा, हे तळं नाही. हे तुमचं ऑफिस आहे."

आप्पांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. मीही.

*

त्यानंतर एका जानेवारीत मी मनावर घेतलं. पण आधी रंगीत तालीम हवी. मी दोन दिवस लेकीला भेटायला जळगावला जायचं आणि रामदास नानांनी पातळी घ्यायची, असं ठरलं. आठ दिवस मी त्यांना शिकवलं. मोठा आकडा मीटरचा, बारीक रेघ सेंटिमीटरची, वारा असेल तर लाट बसेपर्यंत थांबायचं.

नानांची बोली अहिराणी, 'आहे'ला ते 'शे' म्हणत. छातीवर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही जाई या भाऊ. मी शे ना आठे!"

मी जाऊन आलो. रजिस्टर उघडलं. दोन्ही दिवसांच्या रकान्यात नानांच्या ठसठशीत अक्षरात एकच नोंद होती :

'पाणी शे.'

मी डोक्याला हात लावला. "नाना, अहो, हे काय?"

नाना अजिबात डगमगले नाहीत. "मंग? पाणी शे म्हणीसन 'शे' लिखं. नही ऱ्हातं तं 'नही' लिखतू!"

धुळ्याहून खुलासा मागवला गेला. उदयपूर रद्द झालं. त्या रात्री जेवताना सुमन म्हणाली, "नाना खोटं तर नाही ना बोलले?" मला हसू आलं नाही, आणि तिलाही मला हसवायचं नव्हतं.

*

पुढच्या खेपेला अवकाळी पावसानं मोडता घातला, त्याच्या पुढच्या खेपेला मंत्र्यांच्या दौऱ्यानं. दोन्ही वेळा सुमननं बांधलेली पिशवी सोडली, साड्या परत ट्रंकेत ठेवल्या. दुसऱ्या खेपेला मात्र एक गोष्ट माझ्या नजरेला पडली. ती पिशवी सोडत होती तेव्हा आत तिच्या साड्या होत्या, टॉवेल होता, चटणीची बाटली होती. माझा एकही कपडा तिनं भरलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज लिहिला. डिसेंबरातला दुसरा शनिवार, रविवार, आणि अलीकडचा-पलीकडचा एकेक दिवस. कारणाच्या जागी लिहिलं : 'पत्नीची इच्छा.'

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "भाऊ, हे कारण चालत नाही हो. आजारपण लिहा, लग्न लिहा, कुणीतरी वारलं म्हणून लिहा."

"साहेब, कुणी आजारी नाही. कुणी वारलेलं नाही."

"तेच तर म्हणतो! खरं कारण कुणी लिहितं का अर्जात?"

मी उभाच राहिलो. साहेब खिडकीतून पाण्याकडे बघत बसले. त्यांच्या बाईसाहेब नाशकात असत आणि साहेब महिन्यातून एकदा तिकडे जात, हे आम्हाला माहीत होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी पेन उघडलं आणि अर्जावर शेरा मारला : 'कारण योग्य.'

मग मान वर न करता म्हणाले, "जा. आणि नानांना या खेपेला मी शिकवतो."

*

शुक्रवारी सकाळी शिरपूर फाट्यावरून इंदूरची एसटी पकडली. सेंधव्याचा घाट लागला तशी सुमन खिडकीला चिकटली. कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बरोबर होता. तीन वाजता मला म्हणाली, "अजूनही आठ वाजल्यासारखं तोंड करून बसला आहात. सोडा ना ते!"

इंदूरहून रात्रीची दुसरी बस. शनिवारी सकाळी सातला उदयपूर. धर्मशाळेत सामान टाकलं आणि साडेसातला तलावाच्या पाळीवर उभे राहिलो. चित्रातलं सगळं होतं तिथंच होतं. डोंगर, महाल, घाटाला बांधलेल्या नावा. सुमननं पदर नीट केला, फोटो काढून घेताना करतात तसा.

नाववाला म्हणाला, आठनंतर सुरू होईल. मी म्हटलं, "तोवर जरा पाय मोकळे करून येतो."

आता ही चूक दुसऱ्या कुणी केली नसती. पाळीच्या टोकाला मला भिंतीवर पट्टी दिसली. पट्टीसमोर वही घेऊन एक माणूस उभा होता. मी घड्याळ पाहिलं. आठला दोन मिनिटं कमी! मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. आठ वाजले. त्यानं आकडा लिहिला, मी मान डोलावली. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आप भी?"

"उन्नीस साल," मी म्हणालो.

त्यांचं नाव हीरालालजी. त्यांना बावीस वर्षं झाली होती. मग त्यांनी मला दारं दाखवली, जुनं दगडी बांधकाम दाखवलं, वडिलांच्या हातच्या नोंदवह्या दाखवल्या. त्यांचे वडीलही याच कामावर होते. असा माणूस मला जन्मात भेटला नव्हता.

मी परतलो तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. वारा सुटला होता. पाण्यावर लाटा होत्या आणि नाववाल्यानं सगळ्या नावा बांधून टाकल्या होत्या. सुमन पायरीवर बसली होती. फडक्यावर अर्धी भाकरी माझ्यासाठी ठेवलेली.

"किती होती पातळी?" तिनं विचारलं.

मी उत्साहानं आकडा सांगितला. सेंटिमीटरसकट.

"बरं झालं," ती म्हणाली. "धुळ्याला कळवायची का?"

*

मंगळवारी धरणावर परतलो. नानांनी अभिमानानं रजिस्टर पुढे केलं. चारही दिवसांचे आकडे बरोबर, बारीक रेघेपर्यंत. साहेबांनी पाठ थोपटली. मग नानांनी माझी वही ओढून घेतली. आमच्यात ती कुणीही उघडतो. पानं उलटता उलटता त्यांचा हात थांबला.

"भाऊ, शनिवारना शे. उदयपूरना बी आकडा लिखेल शे. रविवारना आकडा कोठे शे?"

आप्पा वाकून बघायला लागले. साहेबही उठून आले. पाण्याकाठी असूनही मी पातळीच्या रकान्यात आकडा लिहिलेला नाही, असं एकोणीस वर्षांतलं एकच पान.

रविवारी परतीची बस दुपारी होती. वारा रोज उन्हं चढली की सुटतो, असं नाववाल्यानं सांगितलं होतं, म्हणजे नाव सकाळीच, नाहीतर नाही. पावणेआठला आम्ही घाटावर होतो. नाववाल्यानं आज आमच्यासाठी लवकर सोडायचं कबूल केलं होतं. सुमननं चपला हातात घेतल्या होत्या.

तेवढ्यात पाळीवरून हीरालालजी येताना दिसले. वही उंच धरून हाक मारत होते, "भाईसाहब! आइए, आज आप पढ़िए! आज आपके हाथ से लिखेंगे!"

त्यांच्या वडिलांच्या नोंदी असलेल्या त्या ओळीत माझ्या हातचा आकडा! माझा पाय घाटाच्या वरच्या पायरीकडे वळला होता, हे मी खरं ते लिहितो.

सुमननंही त्यांना पाहिलं होतं. म्हणाली, "जा तुम्ही. मी थांबते. मला सवय आहे."

तिच्या आवाजात राग नव्हता. नावेकडे बघत होती.

मी हीरालालजींना लांबूनच हात जोडले आणि नावेत उतरलो. मग सुमनला हात दिला. नाव सुटली. थोडं पुढे गेल्यावर तिनं तळहात पुढे केला.

"घड्याळ."

मी काढून दिलं. तिनं ते पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं.

नाव वळली ती नेमकी पट्टीसमोरून. आकडे वाचता येतील इतक्या जवळून. मी पट्टीच्या बाजूला बसलो होतो. सुमन म्हणाली, "अहो, इकडे या." मी उठून तिच्याकडे गेलो तशी नाव हेलकावली आणि नाववाला ओरडला, "बाबूजी, बैठ जाइए!" मी बसलो. पट्टीकडे पाठ करून.

नाना अजून रकान्यावर बोट ठेवून उभे होते. मी वही घेतली आणि ती नोंद त्यांना वाचून दाखवली :

'१२ डिसेंबर १९९३, रविवार. उदयपूर. आकाश निरभ्र. वारा नाही. पाऊस निरंक. पातळी घेतली नाही. सकाळी आठ वाजता आम्ही दोघं पाण्यावर होतो.'